वहीत काय लिहिलंस?

आमच्या आणि आबांच्या घरामध्ये मेंदीचं कुंपण आहे. म्हणजे होतं. चेंडू जाऊन जाऊन मधोमध त्याला भगदाड पडलंय. त्यातून आता भाजीची वाटी, पेपरची पुरवणी, आमची विळी, त्यांचा थर्मामीटर आणि दोन्हीकडची नातवंडं ये-जा करतात. मांजर तेवढं अजून वरून उडी मारून येतं. घरात रीतभात पाळणारं तेच एक उरलंय.

रविवारी सकाळी त्या भगदाडातून आबांचं डोकं आलं.

"वैनी, तुमचा नातू वही लिवतोय."

"अरे वा," मी म्हटलं. "परीक्षा आली वाटतं."

"त्या वहीचं न्हाई ओ. हातावर! आमच्या बारक्याला बाद केला, आन् त्येच्या तोंडाम्होरं जाऊन तळहातावर अशी सही ठोकली. बारक्या तिकडं आक्काच्या पदरात त्वांड खुपसून रडतंय."

बारक्या सात वर्षांचा, माझा नातू अकराचा. हाक मारल्यावर तो चेंडू चड्डीला घासत आला. रबरी चेंडू घासून त्याला कोणता स्विंग मिळतो देव जाणे.

"आज्जी, ते सेलिब्रेशन असतं. लखनौचा दिग्वेश राठी करतो ना, तसं. विकेट घेतली की वहीत नाव लिहायचं."

"मग पंच काही म्हणत नाहीत त्याला?"

"म्हणतात की! दंड करतात. तीनदा झाला." तीनदा सामनावीर झाल्यासारखं त्याने हे सांगितलं आणि पळाला.

"ऐकलंसा?" आबा म्हणाले. "आता मला सांगा, कोटीनं पैसा मिळतोय ह्यास्नी. मग वागणं बी कोटीचं पायजे का नगं? आमच्या कारखान्यात ज्येच्याकडं बॉयलर त्येची जोखीम मोठी, म्हणून पगार मोठा. तसंच हे. पगार वाढला की जिबंचा लगाम बी आवळला पायजे."

आबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, पण आतून अजून तालमीतलेच. दोन्ही कान पैलवानी, चुरगळलेले. मी ३१ वर्षं बँकेत काढलेली. पैशाचा विषय निघाला की मला पेन्सिल लागते. लाइट बिलाची पाठकोरी बाजू घेतली आणि कुंपणाच्या खांबावर हिशेब मांडला.

आयपीएलमध्ये २०२५पासून लिलावातल्या बोलीखेरीज दर सामन्याचं मानधन मिळतं, साडेसात लाख. राठीला पहिल्या वहीबद्दल २५ टक्के दंड, म्हणजे १,८७,५००. दुसऱ्या वहीला ५० टक्के, ३,७५,०००. तिसऱ्या वेळी, अभिषेक शर्माशी हुज्जत झाली तेव्हा, पुन्हा ५० टक्के आणि वर एका सामन्याची बंदी. बेरीज ९,३७,५००. या पोराची लिलावातली बोली किती? ३० लाख. मानधन वेगळं मिळालं हे खरं, तरी बोलीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम या वह्यांत गेली. त्याच संघाचा कप्तान ऋषभ पंत, त्याची बोली २७ कोटी. त्या बिचाऱ्याने वही काढलेली नाही, पण उद्या काढली आणि तेवढाच दंड झाला, तर शंभर रुपयांतले पस्तीस पैसे जातील.

"म्हंजी मोठ्याला सवलत?"

"सवलत कुणी देत नाही आबा. दंडाचे टक्के मानधनावर धरतात, मिळकतीवर नाही. मेलबर्नला २०२४च्या बॉक्सिंग डे कसोटीत विराट कोहलीने १९ वर्षांच्या सॅम कॉन्स्टासला खांदा दिला. कसोटीचं मानधन १५ लाख, दंड २० टक्के. तीन लाख रुपये."

"त्येचं चा-बिस्किट."

"शिवाय एक डिमेरिट गुण."

"त्यो कुठल्या खात्यात जमा करायचा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय एक गोष्ट मी आबांना लगेच सांगितली नाही. ही वही मुळात वेस्ट इंडीजच्या केसरिक विल्यम्सची. त्याने ती आधी कोहलीपुढे काढली होती. मग २०१९च्या डिसेंबरात हैदराबादला कोहलीने त्याला षटकार मारला आणि मैदानातच तळहातावर लिहून परतफेड केली. तेव्हा आमच्या घरात कोण नाचलं होतं? मी. हातात लाटणं होतं, ते मी टीपॉयवर आपटलं होतं. नातू पाचेक वर्षांचा असेल, शेजारीच बसला होता.

शेवटी तेही सांगून टाकलं, तेव्हा आबा जरा वेळ गप्प राहिले. मग मेंदीचा एक डहाळा मोडून दातात धरत म्हणाले, "आमच्यात तरी कुठं सोनं हाय म्हणा."

मला कळलं कशाबद्दल. २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हापासून आबांच्या मनात ते आहे. शिवराज राक्षे, आधी गदा मिळवलेला गडी. गादी गटाची शेवटची कुस्ती पृथ्वीराज मोहोळशी. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचं दिलं. त्याचं म्हणणं, माझी पाठ टेकलीच नाही, पुन्हा बघा. ते ऐकलं गेलं नाही, तेव्हा त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढे किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाडनेही गुणावरून तमाशा केला. दोघांना तीन-तीन वर्षं बंदी. मोहोळने गदा नेली, थार गाडी नेली, पण गावोगावच्या मोबाइलात फिरली ती लाथ.

"निकाल चुकला बी आसंल," आबा म्हणाले. "पंच काय देव न्हाई. पर आमच्या तालमीत कुणी पंचाला उलटं बोलला की दुसऱ्या दिशी वस्ताद सगळा हौदा एकट्याला उकरायला लावायचं. माती चाळायची, ताक वतायचं, तेल, हळद, लिंबू घालायचं आन् मळायची. तीन दिस खांद्याच्या वर हात जायाचा न्हाई. जेवताना घास खाली मान घालून घ्यायला लागायचा. मी दोनदा उकरलाय."

"दोनदा?"

"एकदा माजी चुकी न्हवती."

मी हा धागा सोडला नाही. "आबा, या पैलवानाला किती पैसा? खुराकाचा खर्च निघाला तरी नशीब. तुमच्या मापाने, पगार थोडा म्हणजे लगाम सैल. मग त्याला जरा सूट द्यायला हवी होती."

"सूट?" आबांच्या तोंडातली मेंदी पडली. "पंचाला लाथ घातल्यावर सूट?"

"मग तुमचं माप तुम्हीच मोडलंत की."

आबांनी कान खाजवला. कोंडीत सापडले की ते कान खाजवतात. तेवढ्यात आक्का बारक्याला कडेवर घेऊन आल्या. सात वर्षांचं पोर कडेवर म्हणजे पाय जमिनीला लागत होते. आक्कांनी आमचं निम्मं बोलणं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं होतं, त्यामुळे त्यांनी सुरुवात मधूनच केली.

"आन् त्या हरमननं ढाक्याला स्टंप फोडलं तवा? त्येचं बोला की."

खरंच. २०२३च्या जुलैत हरमनप्रीत कौर बाद दिल्यावर बॅटने स्टंप उडवून गेली, बक्षीस समारंभात अंपायरिंगवरही तोंडसुख घेतलं. तिला मानधनाच्या ७५ टक्के दंड झाला आणि दोन सामने बाहेर बसावं लागलं. बायकांचं सामन्याचं मानधन २०२२पासून पुरुषांइतकंच झालंय, ते चांगलं झालं. पण वर्षाच्या कराराची वरची श्रेणी तेव्हा पुरुषांना ७ कोटी आणि बायकांना ५० लाख होती. कराराच्या मापाने हरमनला चौदावा हिस्सा दंड व्हायला हवा होता. तसं कुणी म्हटलं नाही, तिनेही म्हटलं नाही.

"वागायचं सारखं, खायाचं येगळं," आक्का म्हणाल्या. "आमच्या सांगलीच्या स्मृतीनं आन् तिनं मिळून नवी मुंबईत वर्ल्ड कप उचलला तवा ह्येंनी फटाक्याची माळ लावली. आन् घरात सुनंनं क्रिकेटची म्याच लावली की म्हणणार, बातम्या लाव."

आबा पुन्हा कानाकडे गेले.

मग मी त्यांना बँकेतल्या किल्लीची गोष्ट सांगितली. आमच्या शाखेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. हेड कॅशियरचा पगार मॅनेजरच्या मानाने बेताचाच, किल्लीचा म्हणून थोडा भत्ता. पण संध्याकाळी कॅश जुळायच्या आधी मॅनेजर घरी जाऊ शके, हा नाही. एकदा दहा रुपये जुळेनात म्हणून आमचे हेड कॅशियर स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याला दोन तास उशिरा पोचले. आल्यावर व्याह्यांनी विचारलं, दहा रुपयांसाठी? तर म्हणाले, सापडले, टेबलाच्या खणामागे होते. व्याह्यांना वाटलं, माणूस जरा चक्रम दिसतो.

"आता आबा, हा माणूस घरी बायकोशी भांडत होता का, पत्ते खेळत होता का, कुणाबरोबर चहाला जात होता, याच्याशी बँकेला कर्तव्य नव्हतं. किल्ली घेऊन तो जत्रेला गेला असता तर मात्र गहजब झाला असता. मला खेळाडूंचं असंच दिसतं. पैसा किती मिळतो ते राहू दे. त्यांच्या हातात किल्ली कसली आहे, एवढंच मी बघते."

"कसली?"

मी आमच्या नातवाकडे बोट दाखवलं. तो आता जिन्यावर उभा राहून, कुणीही न विचारता, कोपर वर करून अंपायरकडे डीआरएस मागत होता.

आक्कांना एवढ्यावर पटलं नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता. मग टीव्हीवर गप्पा मारताना तोंड सुटलं तर ते घरातलं धरायचं का मैदानातलं? २०१९ साली हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल त्या कॉफीच्या कार्यक्रमात गेले, हार्दिक बायकांबद्दल नको ते बरळला, आणि दोघांना ऑस्ट्रेलियाहून परत बोलावलं. मला विचाराल तर ते किल्लीतलंच. त्यांना कॉफी प्यायला बोलावलं ते चांगली कॉफी पितात म्हणून नव्हे. क्रिकेट बोर्डाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाख दंड केला. त्यातले १० लाख कर्तव्यावर मरण पावलेल्या निमलष्करी दलांतल्या १० शिपायांच्या घरच्यांना, उरलेले अंधांच्या क्रिकेटला. दोन्ही कामं पुण्याची. पण अपमान झाला तो बायकांचा, आणि बायकांशी नीट बोलायला शिकवणारं एखादं काम कुणाला सुचलं नाही, हे मला तेव्हाही खटकलं होतं. आमच्या बँकेत असं झालं असतं तर माफीचं पत्र तरी लिहून घेतलं असतं, आणि तेसुद्धा स्वच्छ अक्षरात.

"बोर्ड काय करतंय मग?" आबा.

बोर्ड नियम करतं. २०२५च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियात मालिका हरून आल्यावर, दहा कलमी शिस्त आली. घरच्या स्पर्धा खेळा, सरावाला सगळे एकत्र या, बायकापोरं इतकेच दिवस आणा, आचारी-मदतनीस आणू नका, दौरा चालू असताना स्वतःच्या जाहिरातींचं शूटिंग नको. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम सामानाचं. लांबच्या दौऱ्याला दीडशे किलोपर्यंत.

"दीडशे किलो!" आक्का म्हणाल्या. "आमच्या लग्नात रुखवत एवढं न्हवतं."

त्या नियमामुळे रोहित शर्मा मुंबईकडून रणजी खेळायला बीकेसीच्या मैदानावर उतरला, आणि जम्मू-काश्मीरने मुंबईला मुंबईतच पाच गडी राखून हरवलं. शिस्तीचा पहिला फायदा जम्मूला झाला.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. बॅगा मोजणाऱ्या याच बोर्डाने भारताच्या जर्सीवर, बरोबर छातीवर, कुणाचं नाव लावलं होतं? पैसे लावून संघ बनवायच्या खेळाचं. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा ते नाव उतरलं. म्हणजे बोर्डाला लाज वाटून उतरलं नाही, कायद्याने उतरवलं. आमच्या दूधवाल्याच्या थोरल्याने कुठल्याशा ॲपवर दोन म्हशींचे पैसे घालवले. त्याला मी विचारलं होतं, बाबा, तुला यात विश्वास कशाचा वाटला? म्हणाला, काकू, एवढी मोठी माणसं खेळा म्हणतात.

आबांनी इथे हात वर केला. "सचिनला कायबी बोलायचं न्हाई हां वैनी."

आता सचिनला मीसुद्धा काही बोलत नाही. त्याच्या वडिलांनी, प्राध्यापक रमेश तेंडुलकरांनी, तंबाखू आणि दारूची जाहिरात करू नको म्हणून सांगितलं, त्याने ते आयुष्यभर पाळलं. १९९९ साली वर्ल्ड कप चालू असताना वडील गेले, अंत्यसंस्कार करून हा इंग्लंडला परतला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० काढून आभाळाकडे बघितलं. त्या दिवशी आमच्या बँकेतले शिपाई, मॅनेजर, खातेदार सगळे एका टीव्हीपुढे रडले. पण त्याच माणसाने पुढे एका ऑनलाइन गेमिंग कंपनीची जाहिरात केली. २०२३ साली बच्चू कडू त्याच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले, तेव्हा मी कडूंच्या बाजूची होते आणि आमचे हे सचिनच्या. दोन दिवस आमच्याकडे जेवताना फक्त मीठ-लोणच्यापुरतं बोलणं होत होतं.

"कायद्यानं तवा चालत हुतं," आबा म्हणाले.

"चालत होतं. तंबाखूही कायद्याने विकली जाते आबा. तिला नाही म्हटलं म्हणूनच तर आपण त्याचं एवढं कौतुक केलं."

आबा यावर बोलले नाहीत. चंची बाहेर काढत होते ती त्यांनी पुन्हा खिशात सरकवली, आक्कांनी ते बघितलं.

मला वाटतं, वातावरण फार गंभीर झालंय हे आबांनाही जाणवलं असावं, कारण त्यांनी अजिंक्य रहाणेचं काढलं. अजिंक्य म्हणजे आमचा दोघांचाही. मूळचा संगमनेरकडचा, वाढला डोंबिवलीत, किट पाठीवर टाकून लोकलने सरावाला जायचा. २०२२च्या दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात, कोइमतूरला, यशस्वी जैस्वाल समोरच्या फलंदाजाला सारखा बोलत राहिला. पंचांनी समज दिली तरी गडी थांबेना, तेव्हा कप्तान रहाणेने आपल्याच संघातल्या त्या पोराला थेट मैदानाबाहेर काढलं. त्याच सामन्यात, दुसऱ्या डावात द्विशतक ठोकलेला पोरगा!

"ह्याला म्हंत्यात वस्ताद," आबा खुलले. "हौदा उकर जा!"

"आणि केकचं आठवतंय?"

२०२१ साली ऑस्ट्रेलियाला त्यांच्या घरात हरवून अजिंक्य मुंबईला आला. राहत्या इमारतीखाली ढोल, फुलं, गर्दी. कुणीतरी हौसेने केक आणला, त्यावर कांगारू. अजिंक्यने तो कापला नाही. पुढे त्याने सांगितलं की कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, समोरच्याला मान द्यायचा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मी मात्र त्या केकचा विचार करत बसते. तो ऑर्डर कुणी केला? बेकरीवाल्याला फोन करून, शेपूट नीट दिसू दे हो, असं कुणी सांगितलं? ती माणसं आपल्यासारखीच. सोसायटीची वर्गणी वेळेवर भरणारी, पोरांना "नमस्कार कर" म्हणणारी. त्यांना कुणी ना मानधन देत होतं, ना दंड करणार होतं.

"म्हंजी तुमी आता आमच्यावर आलासा," आबा सावध झाले.

"तुम्ही २०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेला गेला होता ना, थोरल्याकडे मुंबईला?"

आबांनी कान धरला. आता खाजवला नाही, नुसता धरला. रोहितचं कप्तानपद काढून हार्दिकला दिलं म्हणून त्या मोसमात वानखेडेवर मुंबईकरांनी मुंबईच्याच कप्तानाची हुर्यो केली. त्याला बोलायचं राहिलं बाजूला, नाणं उडवायला आला तरी आरडाओरडा. जूनमध्ये बार्बाडोसला टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप जिंकताना शेवटचं षटक त्याच हार्दिकने टाकलं. ४ जुलैला मिरवणूक त्याच वानखेडेवर आली आणि तेच लोक हार्दिक, हार्दिक करून घसा फोडत होते.

"मी वराडलो न्हाई," आबा म्हणाले.

"शिट्टी मारलीसा," आक्का म्हणाल्या. "थोरल्यानं व्हिडिओ धाडलाय. दोन बोटं त्वांडात घालून."

"समदेच मारत हुते."

"तिकिट केवढ्याचं हुतं ते बी सांगा वैनीस्नी. तेवढ्यात महिन्याचं राशन आलं आसतं."

पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक, पण बारक्याला आता रडण्याचा कंटाळा आला होता. तो आक्कांच्या कडेवरून घसरला, भगदाडातून आमच्या बाजूला आला आणि म्हणाला, माझी बॉलिंग. माझ्या नातवाने दयाळूपणे बॅट घेतली. स्टंप म्हणजे तेलाचा रिकामा डबा. बारक्याने धावत येऊन चेंडू टाकला, तो दोनदा टप्पे खात, मग सरपटत, नातवाच्या उचललेल्या बॅटखालून गेला आणि डबा वाजला.

"आउट! आउट! आरं वाघा!" आबा मेंदीच्या कुंपणावरून निम्मे आमच्याकडे आले. "लिव, लिव! सोडू नगं त्येला! वही काड!"

मी आबांकडे बघितलं. आक्कांनीही बघितलं. आबांचं लक्ष नव्हतं.

बारक्या माझ्या नातवासमोर जाऊन उभा राहिला. डावा तळहात पसरला, उजव्या हाताचं बोट टेकवलं आणि थांबला. पहिलीतला पोरगा तो, विचार करत राहिला. मग मान वळवून त्याने विचारलं,

"आबा, 'आउट'मधला उ पयला का दुसरा?"

"पयला," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "का ओ वैनी? पयलाच न्हवं?"